पाठवणारा खरा कोण? स्पॅमच्या चाळणीचा थोडा इतिहास

समजा, तुम्ही नेर परसोपंतच्या टपालपेटीत एक पाकीट टाकलंत आणि पाठवणारा म्हणून मुंबईच्या एखाद्या बँकेचं नाव लिहिलंत. कोणी अडवणार नाही, पण शिक्का नेरचाच पडेल. ई-मेलचं तसंच आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, त्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच नव्हती. जाळ्यावर मोजक्याच संस्था, तपासायचं कोणाला?

मेल कोणत्या आयपी पत्त्यावरून आला हा मात्र त्यातला टपालशिक्का. एसपीएफने तोच धरला: डोमेनच्या मालकाने ‘माझे मेल फक्त या सर्व्हरवरून निघतात’ असं डीएनएसमध्ये जाहीर करायचं. २००४ मध्ये स्पॅमअ‍ॅसॅसिन ३.० ही तपासणी करू लागलं. हे सॉफ्टवेअर प्रत्येक लक्षणाला गुण देतं. बेरीज ५ झाली की स्पॅम. पण एसपीएफ पास झालेल्या मेलला सवलत किती? जवळपास शून्य! कारण स्पॅमवालेही स्वतःचं डोमेन घेऊन रीतसर नोंद करत होते. ओळख पटली म्हणजे माणूस सज्जन, असं थोडंच आहे?

शिवाय एसपीएफ पाकिटावरचं नाव बघतं, आपल्याला दिसतं ते आतल्या पत्रावरचं. डीकेआयएमने पत्रावर डिजिटल सही आणली, पण सही नसलेलं पत्र खोटंच का? हे फक्त मालक सांगू शकतो. त्यासाठीचा २००९ चा एडीएसपी फारसा चालला नाही. मग २०१२ मध्ये डीमार्क आलं. दिसणारं नाव एसपीएफ किंवा डीकेआयएमशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर काय करायचं (काही नाही, बाजूला ठेवा, की नाकारा) हे मालक सांगतो.

खरी ओढाताण इथे आहे. चाळणीचा स्वभाव तोलण्याचा, धोरणाचा हुकूम देण्याचा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ‘नाकारा’ जाहीर केलं आणि ई-मेल गटांतून फिरून येणारी याहू सभासदांची खरी पत्रंही परत जाऊ लागली, कारण गटाचा सर्व्हर विषयात किंवा तळाला चार शब्द जोडतो आणि सही मोडते. त्यामुळे स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये डीमार्कचा प्लगइन थेट २०२२ च्या ४.० आवृत्तीत आला, याला मी आळस म्हणणार नाही. तिथेही ते फक्त गुण लावतं; मेल परत धाडायचा की नाही हे मेलसर्व्हर चालवणारा ठरवतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने तिन्ही सक्तीचे केले. तरी बँकेच्या नावातलं एक अक्षर बदलून घेतलेलं डोमेन या तिन्ही तपासण्या आरामात पास होतं.