तेलाच्या डब्यावरचे आकडे कुठून आले?



सध्या पोस्टिंग लेहला आहे. निवृत्त झालेले आपले बरेच जण हल्ली टर्बो पेट्रोल गाड्या घेतात आणि हमखास विचारतात, "तेल कुठलं टाकू? आपल्या वेळचं जाड तेल चालेल ना?" याचं उत्तर एका ओळीचं आहे: गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. पण त्यावर विश्वास बसायचा, तर डब्यावरचे आकडे आणि अक्षरं कुठून आली हे माहीत हवं. त्यातलं बरंच काही फौजेच्या गरजेतून आलंय.

सुरुवात टर्बोपासून. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी होती. वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने अमेरिकन सैन्याच्या विमानांसाठी असा टर्बो लिबर्टी इंजिनाला जोडला आणि चाचणीसाठी ते इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर नेलं. उंची सुमारे १४,००० फूट. तिथल्या विरळ हवेत साधं इंजिन दमतं. टर्बोवाल्याने समुद्रसपाटीइतकी ताकद दिली. खारदुंग ला चढताना साध्या पेट्रोल गाडीचा जीव कसा जातो आणि टर्बोवाली का पळते, याचं उत्तर तिथे मिळालं होतं.

मात्र या ताकदीची किंमत तेल मोजतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूला ९०० अंशांच्या आसपासचा धूर असतो. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल आणि शेवरले यांनी पहिल्या टर्बो मोटारी विकायला काढल्या. पुढे असे टर्बो वाढले तसा एक आजार दिसू लागला. जोरात पळवलेली गाडी लगेच बंद केली, की तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बो तापलेलाच राहतो. आत अडकलेलं तेल कढईच्या कडेला जळून बसतं तसं बेअरिंगला बसतं. पुढे बेअरिंगभोवती पाणी फिरवायची सोय आली, तरी मोठी चढण संपल्यावर मिनिटभर इंजिन रिकामं चालू ठेवायची सवय आजही चांगली.

यावर कामी आलं सिंथेटिक तेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला खनिज तेल कमी पडत होतं, शिवाय थंडीत ते गोठत होतं. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी प्रयोगशाळेत वंगणं बनवली. पुढे जेट इंजिनांनी तसलीच तेलं स्वीकारली. अमेरिकेत फायटर स्क्वाड्रनचा कमांडर असलेल्या अल अमातुझिओ याला वाटलं, जेटला चालतं ते मोटारीला का नाही? १९७२ मध्ये त्याचं अॅमसॉइल बाजारात आलं, १९७४ मध्ये मोबिल वन.

आता आकडे. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. स्टार्टरने इंजिन फिरवण्याची चाचणी २०डब्ल्यू तेलासाठी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूसाठी उणे २० वर, ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर. द्रासच्या जानेवारीत २०डब्ल्यूचं काय होईल, ते तिथे राहून आलेल्यांना सांगायला नको. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. जाड तेल गार इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि तेवढे क्षण शाफ्ट तेलाविना घासतो. 'जाड म्हणजे मजबूत' हा जुन्या, ढिल्या इंजिनांचा हिशेब होता.

अक्षरांचंही तसंच. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर जोर लावला, की कधीकधी इंधन ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. तेलात कॅल्शियमचं डिटर्जंट जास्त असलं तर हा धोका वाढतो, असं दिसून आलं. म्हणून २०१८ मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२० मध्ये 'एसपी' हे दर्जे आले. ट्रकचं डिझेल तेल 'हेवी ड्यूटी' म्हणून अशा गाडीत ओतू नका. बीएस-६ डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे धुराचा फिल्टर चोंदू नये म्हणून कमी राखेचं तेल लागतं.

गिअरबॉक्सचा इतिहासही असाच. १९२६ मध्ये पॅकार्डने डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर आणले. त्यांचे दाते एकमेकांवर घसटत फिरतात, म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त तेल लागलं. आजचे 'जीएल-४' आणि 'जीएल-५' हे दर्जे अमेरिकन सैन्याच्या 'मिल-एल-२१०५' मालिकेशी जुळतात. जीएल-५ डिफरन्शियलसाठी उत्तम. पण मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल, तर आकडा मोठा म्हणून ५ टाकू नका. पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवेलच असं नाही. गिअर अडकू लागतात. आणि गिअर तेलाची मोजपट्टीच वेगळी आहे. ७५डब्ल्यू-९० हे नाव ऐकून घाबरू नका; त्याचा दाटपणा इंजिनाच्या ४०-५० तेलाच्या आसपासच असतो.

महाग म्हणजे चांगलं, हाही भ्रमच. २०१३ मध्ये फोक्सवागनने सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गाड्या जगभरातून परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत त्यातल्या सिंथेटिक गिअर तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. उपाय काय केला? साधं खनिज तेल भरलं.

तेव्हा दुकानात ब्रँड आणि भाव नंतर बघा. आधी मॅन्युअल उघडून तीन गोष्टी जुळवा: ग्रेड, दर्जाची अक्षरं आणि कंपनीचा मंजुरी क्रमांक. फौजेत लॉगबुक भरायचो तसं तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवा. बाकी प्रश्न असतील तर जरूर विचारा. गाडीचं मॉडेल आणि तुमच्या गावचं हवामान मात्र सोबत कळवा.