बाळगोळी आणि आठ आणे

मैत्रिणींनो, बाळगोळी हे नाव तुमच्यापैकी काही जणींनी आजीच्या तोंडून ऐकलं असेल. त्या काळी ती असायची अफूची. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया ती तान्ह्या बाळाला द्यायच्या, म्हणजे ते दिवसभर गुंगीत पडून राही. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्सबाईंनी १९२२च्या सुमाराला कामगारवस्तीत पाहणी केली, तेव्हा ही चाल घरोघर दिसली.

त्या आया काही निर्दयी नव्हत्या. पहाटे चूल, मग भोंगा, मग वायंडिंग खात्यात दिवस जायचा. जेवढं सूत गुंडाळाल तेवढे पैसे, खाडा झाला की काही नाही. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज मात्र खाडा करत नसे. बाळंतीण घरी बसली, तर खायचं काय?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात याविषयीचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं, म्हणून भार सरकारनं उचलावा. पण तिच्या कामावर नफा कमावणारा मालकही सुटू नये, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाच्या सुट्टीत रोजचे आठ आणे, मालकाकडून. रक्कम तुटपुंजीच! त्यात पुढे कित्येक मालकांनी बायकांना कामावर घेणंच कमी केलं.

आणि शेतात राबणारी बाई त्या कायद्यात नव्हतीच. आपल्या बचत गटाच्या वहीत हप्ता असतो, व्याज असतं. बाळंतिणीचे बुडालेले रोज कुठल्या रकान्यात लिहितो आपण?