टेकू, स्टेपनी आणि चेतक

टेकू हा शब्द मराठी वाचकाला हल्ली बहुधा राजकीय बातम्यांत भेटतो. अल्पमतातले सरकार कोणाच्या तरी टेकूवर उभे असते आणि तो काढून घेण्याच्या धमक्या अधूनमधून दिल्या जातात. शब्दाचे मूळ घर मात्र कललेल्या भिंतीशी आणि फळभाराने वाकलेल्या फांदीशी आहे. आम्हांस त्याचा अर्थ उमगला तो घरच्या अंगणात, मागचे चाक काढलेल्या स्कूटरपाशी. वडिलांनी इंजिनाखाली दोन विटा रचल्या होत्या आणि हँडल दाबून धरण्याचे काम आमच्याकडे होते. वरची वीट मधोमध फुटली. स्कूटर बसली तेव्हा वडिलांची दोन बोटे खाली होती. बोटे वाचली, नखे गेली. आणि विटेवर भार टाकू नये, हे ज्ञान घराण्यात कायमचे आले.

हे ज्ञान कोठून येते आणि कोठे नोंदले जाते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी विचारण्यासारखा आहे. स्कूटर आमच्या कथा-कादंबऱ्यांत आली ती बहुधा मध्यमवर्गाची खूण म्हणून. तिच्याखाली काय ठेवावे, हे सांगणारे गद्य मात्र आमच्या वाचनात जवळजवळ आलेच नाही. म्हणून हा लहानसा इतिहास.

त्याचा आरंभ इटलीत होतो. दुसऱ्या महायुद्धात पोंतेदेरा येथील पियाज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला होता. युद्धानंतर स्वस्त वाहन घडवण्याचे काम कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्याकडे आले. ते विमानविद्येतले, मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. १९४६ साली पेटंट झालेल्या व्हेस्पात हे दोन्ही दिसते. सांगाड्याऐवजी ठोकून घडवलेल्या पत्र्याचे अंग आले आणि पुढचे चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात न धरता विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले गेले. त्यामुळे चार-पाच नट सोडले की ते मोटारीच्या चाकासारखे बाजूने निघते. आस उपसावी लागत नाही. पुढचे व मागचे चाक सारखेच असल्याने एक जादा चाक दोन्ही ठिकाणी चालते. पंक्चर झाल्यास मालकाने रस्त्याकडेला स्वतःच चाक बदलावे, हे आश्वासन या रचनेतच होते.

या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. मोटारींबरोबर जादा चाक देण्याची पद्धत नव्हती, त्या काळात, १९०४ च्या सुमारास, तेथील थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून आवळायची आणि घर गाठायचे. पुढे मोटारींना पूर्ण जादा चाक मिळू लागले, ती धाव मागे पडली आणि इंग्रजीतून तो शब्दही जवळजवळ गेला. आपल्याकडे मात्र तो इतका रुजला की त्याच्या परकेपणाची शंकाही येत नाही. ज्या रस्त्यावरून नाव आले तो विस्मरणात जावा आणि नाव साता समुद्रांपलीकडे, सीटमागे उभ्या बांधलेल्या चाकाला चिकटून राहावे, ही शब्दांच्या इतिहासातली एक गोड विसंगतीच म्हणावी लागेल.

बजाज ऑटोला १९५९ साली दुचाकी व तिचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. पियाज्जोशी केलेल्या करारानुसार व्हेस्पा येथे घडू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन, चेतक आली. परवान्यांच्या त्या काळात उत्पादनावर मर्यादा होती आणि मागणी अफाट. लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. एवढ्या प्रतीक्षेने घरी आलेली वस्तू कोणाच्याही हाती देण्यास मन धजत नसे. इटालियन अभियंत्याने सोय म्हणून जे दिले, ते येथे घरोघरीचे रविवारचे काम झाले. चाके आलटूनपालटून लावणे, ब्रेक साफ करणे, ट्यूब पाहणे हे सारे अंगणातच चाले.

अडचण एवढीच होती की रचनेने चाक काढणे सोपे केले होते, चाकाविना उभे राहणे नव्हे. स्टँडवर लावलेली स्कूटर तीन ठिकाणी टेकते: स्टँडचे दोन पाय आणि एक चाक. इंजिन मागे आणि उजव्या अंगाला असल्याने भार तिकडे ओढतो. मागचे चाक काढताच तिसरा आधार जातो. शंभर किलोच्या आसपासचे ते धूड मागे बसू पाहते. शिवाय पुढे ढकलताच मिटावा, अशीच स्टँडची घडण असते. घट्ट बसलेल्या नटाला पाना लावून हिसका दिला की नेमका तोच धक्का बसतो.

यातून जाणत्या हातांनी जे नियम काढले ते असे. जमीन सपाट व कठीण असावी. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून घ्यावेत. पेट्रोलचा कॉक बंद करावा. स्टँड मिटू नये म्हणून तो पुढच्या चाकाशी दोरीने बांधावा आणि त्या चाकालाही पाचर लावावी. टेकू रुंद लाकडी ठोकळ्याचा असावा आणि तो पातळ पत्र्याखाली न ठेवता भक्कम भागाखाली बसवावा. लाकूड दबते, करकरते, सूचना देते. वीट काही न सांगता फुटते. हात कधीही भाराखाली नेऊ नये. रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे असतात. ते सोडण्यापूर्वी ट्यूबमधली हवा पूर्ण काढावी, नाहीतर दाबाने रिम उसळून अंगावर येते. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत.

यांतला प्रत्येक नियम कोणाच्या तरी दुखापतीतून आला असावा, असे आम्हांस वाटते. ही विद्या बापाकडून लेकाकडे गेली. तिच्यासोबत विटेची खोडही गेली. लेखी परंपरेत चूक दुरुस्त होण्याची एक शक्यता असते. मौखिक परंपरेत प्रत्येक घराला आपली वीट स्वतः फोडावी लागते.

जुन्या चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. २०१९ मध्ये तेच नाव विजेच्या स्कूटरला मिळाले. आता बहुतेक स्कूटरांना ट्यूब नसते आणि स्टेपनीही नसते. पंक्चर झाले की कारागिराला बोलावणे येते. याचे दुःख करण्याचे कारण नाही, बोटे सुरक्षित राहिली हे उत्तमच. परंतु अनेक अंगणांत आजही एखादी जुनी चेतक उभी आहे आणि कोणीतरी हौसेने तिचे चाक काढायला बसणार आहे. त्याने शेजारी लाकडाचा ठोकळा मागावा, आणि हँडल धरायला मुलाला उभे करणार असेल, तर आधी त्याला टेकू या शब्दाचा अर्थ सांगावा.