शाळा सोडलेली मुले : इतिहासाची साक्ष

जत्रेच्या दिवसांत देवळाच्या प्रांगणात खाज्याच्या दुकानावर १३-१४ वर्षांचा एखादा मुलगा तराजू धरून उभा असलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. कितव्या इयत्तेत आहेस असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, ‘हांव आठवेंत आशिल्लों.’ आठवीत आहे असे तो म्हणत नाही, होतो असे म्हणतो. आपण खाजे घेऊन पुढे जातो आणि ‘पोराचे लक्षच नव्हते’ किंवा ‘घरची परिस्थिती’ असे म्हणून त्याचा निकाल लावतो. हा निकाल किती उतावीळ आहे, हे दाखविणारी काही उदाहरणे मराठी मुलखाच्या इतिहासात आहेत. ती येथे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले उदाहरण पुण्यातील आहे. १८२७ साली जन्मलेल्या एका मुलाला वडिलांनी पंतोजीच्या शाळेत घातले होते. पण शिकून मुलगा शेतीच्या कामातून जाईल, अशी भीती कोणी तरी वडिलांच्या मनात भरविली आणि त्यांनी त्याला शाळेतून काढले. मुलगा मळ्यात राबू लागला. लवकरच त्याचे लग्नही झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली होती. परंतु दिवसभराचे काम आटोपले, की तो पुस्तक घेऊन बसे, आणि ही गोष्ट शेजारच्या दोन माणसांनी हेरली. एक गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिटसाहेब. दोघांनी वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली. १८४१ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, तो मुलगा स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत पुन्हा दाखल झाला. जोतीराव फुले यांचे शिक्षण असे एकदा तुटून पुन्हा जोडले गेले आहे.

या हकीकतीत आम्हांला एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. मुलाला कोणी उपदेश केला नाही. त्याची इच्छा होतीच. समजूत घालावी लागली ती बापाची, आणि तीही घरी जाऊन. त्याची समजूत काढणारे नात्याचे नव्हते, धर्माचेही नव्हते. केवळ शेजारी होते. बापाची भीतीही खोटी नव्हती. शिकलेला मुलगा मळ्यातून उठला तर मळा कोणी सांभाळायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे खराच होता. त्या भीतीला उत्तर दिल्यावाचून मुलाचा मार्ग मोकळा होणार नव्हता.

जोतीरावांना याचा विसर पडला नाही असे दिसते. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि पुढे १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा ज्याचे हात कामात गुंतले आहेत त्याने काम सोडून यावे असा हट्ट न धरता, शाळेनेच आपली वेळ बदलली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, त्यात निदान १२ वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती.

सरकारने ती मानली नाही. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याच दिशेने पाऊल टाकले. महाराजांचे स्वतःचे बालपण येथे आठवण्यासारखे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला, अक्षरओळख जवळजवळ नसलेला हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आला, तेव्हा तो १२ वर्षांचा होता. ज्या वयात खेड्यातल्या मुलाचे शिकणे संपले असे लोक समजतात, त्या वयात त्याचे शिकणे सुरू झाले. १८९३ साली महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. मुलगे ७ ते १२ व मुली ७ ते १० वर्षांच्या, अशी मर्यादा होती. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई.

दंडाने पट भरतो, परंतु मन भरत नाही. शाळेचे वय संपताच शिकलेली अक्षरे पुसट होत जातात, हे बडोद्याच्या दरबारानेही ओळखले असावे. कारण सक्तीच्या जोडीला दुसरी कामेही तेथे झाली. १८९० साली कलाभवन निघाले. तेथे रंगकाम, यंत्रविद्या असे हातास काम देणारे विषय देशी भाषेतून शिकविण्याची सोय होती. १९१० साली बॉर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची योजना आखण्यात आली, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. जो शाळेबाहेर पडला त्याच्यापर्यंत पुस्तकच चालत गेले.

तिसरे उदाहरण सातारचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्वतःचे शालेय शिक्षण सहाव्या इयत्तेच्या आसपासच थांबले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह काढले; १९२७ साली गांधीजींनी त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि श्रम करून शिकत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. १९४० साली तेथेच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर फी नसलेले हायस्कूल निघाले. त्यास नाव दिले ते सयाजीराव महाराजांचे. गोविंदरावांसारख्या बापांच्या भीतीला भाऊरावांनी असे उत्तर दिले : मुलगा शिकेल, आणि त्याचे हात श्रम विसरणार नाहीत.

आता आपल्या दिवसांकडे पाहू. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी प्राथमिक शाळा पोहोचल्या. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून अमलात आहे. शाळा सुटलेल्या मुलास वयास योग्य अशा वर्गात घ्यावे व मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी खास शिकवणी द्यावी, असे तो सांगतो. मात्र त्याची हद्द १४ वर्षांपर्यंतची. त्यापुढील मुलांना १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. कायदा आहे, सोय आहे. घरी जाऊन बोलणारा माणूस मात्र कायद्याने नेमता येत नाही.

आमच्या मते देवस्थानच्या मंडळींनी येथे स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. दहावीत पहिल्या आलेल्या मुलांचा आपण दरवर्षी सभामंडपात सत्कार करतो. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्याच वर्गातून मध्येच निघून गेलेल्या मुलांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? अग्रशाळेची एखादी खोली संध्याकाळी रिकामी असते. निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत. आरतीनंतरचा एक तास आणि त्या मुलाच्या घरी घातलेल्या दोन-चार खेपा, एवढ्यावर आरंभ करता येतो. पहिल्या खेपेला बाप ऐकणार नाही, कदाचित रागावेलही. गोविंदरावांनीही एका बैठकीत मान्य केले असेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढच्या जत्रेला खाजे घेताना त्या मुलाला इयत्ता विचारून थांबू नये. त्याचे घर कोठे आहे, हेही विचारावे.