बूच, चपडी आणि इथेनॉल

जुन्या बुलेटच्या कार्ब्युरेटरवर एक छोटंसं पितळी बटण असतं. थंड इंजिनाला किक मारण्याआधी ते दाबून धरायचं. आत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट खाली ढकलला जातो, पेट्रोल नेहमीच्या पातळीच्या वर चढतं आणि भोकातून बाहेर पाझरतं. बोटाला ओल लागली की गाडी किकला तयार. पेट्रोल थोडं सांडणं हा त्या काळी बिघाड नव्हता, गाडी सुरू करण्याचा तो एक भागच होता. बटण सोडल्यावरही थेंब थांबत नाही, तेव्हा खरी भानगड सुरू व्हायची.

हे कार्ब्युरेटर बहुतेक करून बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीचे. 1927 च्या सुमारास तीन ब्रिटिश कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र येऊन ही कंपनी उभी राहिली आणि पुढची काही दशकं ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, रॉयल एनफील्ड अशा जवळजवळ सगळ्या इंग्रजी गाड्यांना तिनेच पेट्रोल पाजलं. 1955 मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली, तेव्हा इंजिनासोबत बर्मिंगहॅमची ही टपटपही भारतात आली.

कार्ब्युरेटर गळतो तेव्हा पहिला संशय फ्लोटवर. जुन्या अमलमध्ये तो पातळ पितळी पत्र्याचा, पोकळ डबीसारखा असे. कानाशी धरून हलवला आणि आत पेट्रोल डुचमळलं, की निदान पक्कं. भोक मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी फ्लोट कढत पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगते आणि बारीक बुडबुड्यांची माळ नेमकी भोकातून वर येते. शिरलेलं पेट्रोल वाफ होऊन निघून जाईपर्यंत तो पाण्यातच ठेवायचा. मग डाख द्यायचा, पण तोही जपून. बंद डबीतली हवा तापली की ओला डाख फोडून बाहेर येते, म्हणून दुसरीकडे टाचणीएवढं भोक पाडून ठेवायचं आणि ते शेवटी एका झटक्यात बुजवायचं. डाख जास्त झाला तर फ्लोट जड होतो, पेट्रोलची पातळी चढते आणि गळती बुजवल्याबद्दल गळतीच पदरात पडते. हे काम ज्याच्या हाताला जमायचं, त्याच्याकडे लोक गावाबाहेरूनही येत.

टाकीखालच्या पेट्रोल कॉकचं दुखणं वेगळं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कित्येक कॉकमध्ये पेट्रोल अडवायला बुचाचा तुकडा असे. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडे, मुख्यतः पोर्तुगालमध्ये, वाढणाऱ्या एका जातीच्या ओक झाडाची ही साल. पेट्रोलमध्ये भिजलेलं बूच फुगून घट्ट बसतं. गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहिली, टाकी कोरडी पडली, की ते आकसतं. दसऱ्याला गाडी बाहेर काढून पेट्रोल भरावं, तर खाली धार. यावर औषध स्वयंपाकघरात होतं: बूच उकळत्या पाण्यात टाकायचं, फुगलं की परत बसवायचं. ‘गाडी लावलीस की कॉक बंद कर’ ही घराघरातल्या वडीलधाऱ्यांची ताकीदही याच काळातली. कॉक उघडा राहिला आणि पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसली नाही तर रात्रभरात टाकी रिकामी होई, आणि कधी पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरून इंजिनाच्या तेलातही मिसळे.

अमेरिकेत बूच थेट कार्ब्युरेटरच्या आतच होतं. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या कंपन्यांच्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर शेबलर कार्ब्युरेटर असे आणि त्यातला फ्लोट बुचाचा. बुचात पेट्रोल मुरू नये म्हणून त्यावर लाखेचे, म्हणजे चपडीचे, हात दिलेले असत. ही चपडी मोठ्या प्रमाणावर भारतातून जाई. पळस आणि कुसुम झाडांवरच्या किड्यांनी बनवलेली लाख गाळून, पातळ पापुद्रे करून ती जहाजांवर चढे. पेट्रोलमध्ये चपडी विरघळत नाही, त्यामुळे हा जुगाड वर्षानुवर्षं टिकला. पण स्पिरिटमध्ये ती सहज विरघळते. लाकडाला फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर चपडी स्पिरिटमध्येच भिजवतो. ही गोष्ट पुढे महागात पडणार होती.

टू-स्ट्रोक गाड्यांची गळती मात्र स्वतःच पत्ता सांगे. मुंबईत जावा मोटारसायकली विकणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961 पासून तिथे जावा बनू लागली. पुढे तिचीच येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत 1962 ची, मुळात पोलिश गाडीवरून घेतलेली. या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरला साधारण 40 ते 50 मिली तेल मिसळावं लागे. पेट्रोल उडून जाई, तेल मागे राही, त्यावर धूळ बसे. मेकॅनिक चिकट काळ्या रेघेवरून बोट वर वर नेत थेट गळक्या जागेपाशी पोचे. बुलेटवाल्याला ही सोय नव्हती. त्याच्या गाडीवर राहिला तर पेट्रोलच्या रंगाचा एक फिकट डाग.

सगळ्यात धोक्याचं काम टाकीचं. इंजिनाच्या हादऱ्यांनी टाकीचा पत्रा बुडाशी, पट्ट्या जोडलेल्या जागी तडकतो. रस्त्यात असं झालं तर कपड्याच्या साबणाची वडी त्या चिरेत घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घर गाठेपर्यंत भागतं. नंतर एमसील आलं आणि गावोगावच्या टाक्यांवर करड्या गाठी दिसू लागल्या. पक्कं काम म्हणजे डाख किंवा वेल्डिंग, आणि तिथे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आत उरलेली वाफ आणि हवा एकत्र आली की ठिणगी पुरते. म्हणून जाणता माणूस टाकी धुण्याच्या सोड्याने आणि कढत पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून घेई, चीर वर येईल अशी तिरकी ठेवी आणि चिरेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरून मगच हत्यार लावी. घाई करणाऱ्यांच्या भुवया जळाल्याचे किस्से प्रत्येक जुन्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात, आणि ते हसत सांगितले जातात ते केवळ नशीब म्हणून.

एवढं सगळं बसलेलं गणित पेट्रोलनेच बिघडवलं. जानेवारी 2003 पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 2022 मध्ये देशाचं सरासरी प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं, 2025 मध्ये 20 वर. यातलं काही इथेनॉल उसाचं, आणि उसात महाराष्ट्र कायम पुढच्या रांगेत. ज्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्याच अंगणातली वडिलांची राजदूत त्याच उसापायी टपकू लागते. शेबलरमध्ये चपडीचा लेप विरघळतो, बुचाचा फ्लोट पेट्रोल पिऊन बुडतो. जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या आणि वायसर फुगतात, मऊ पडतात. टाकीच्या आत लावलेले जुने लेप सुटून त्यांचा कपटा फ्लोटच्या सुईखाली अडकतो. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. खालच्या शिवणीजवळ रंगाला फोड आला, की आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने म्हटलं, की काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, पण ते स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. पंधरा वर्षांच्या स्कूटरला हे लागू पडेल. साठीतल्या जावाला कुठली सर्व्हिसिंग आणि कुठला काउंटर! तिचा मालक पुण्याच्या नाना पेठेत दुकानं पालथी घालतो किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याला नमुना दाखवून पितळी भाग करून घेतो. फ्लोटच्या सुईला व्हायटन रबराचं टोक, नळी इथेनॉल सोसणारी, बुचाच्या जागी त्याच रबराची रिंग, एवढं केलं की बरीचशी गळती थांबते. अमलचे भाग इंग्लंडमध्ये आजही बनतात आणि इथेनॉलला दाद न देणारे नवे फ्लोटही मिळतात.

पंपावरच्या पेट्रोलवर भरवसा नसेल त्याच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. मापाच्या उभ्या काचनळीत 100 मिली पेट्रोल, 10 मिली पाणी, झाकण लावून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. तळाचा थर 30 च्या आसपास दिसला, तर मिश्रण 20 टक्क्यांचं.

वाद उरतो तो गाडी महिनोन्‌महिने उभी करण्याचा. कार्ब्युरेटर रिकामा करावा, हे सगळ्यांना मान्य: कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. टाकीवर मात्र एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, तोंडोतोंड भरा, म्हणजे आत दमट हवेला जागाच राहणार नाही. दुसरा म्हणतो, कोरडी करा, इथेनॉलला आत राहूच देऊ नका. ज्यांच्या कॉकमध्ये अजून अस्सल बूच आहे, ते पहिल्या पक्षात.