पानदान, थोटूक आणि पुडी

तंबाखू मूळची आपल्या मातीतली नव्हे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आली आणि दख्खनमध्ये रुजली. अकबराचा दूत असद बेग याने ती विजापुरात पाहिली आणि १६०४च्या सुमारास मोगल दरबारात नेली. १६१७मध्ये जहांगीरने धूम्रपानावर बंदी घातली. व्यसन मात्र हटले नाही. तंबाखूने शरीराचे काय केले, हे आपण पुष्कळ ऐकतो. तिच्या कचऱ्यालाही इतिहास आहे.

आमच्या घरी दादीचे पानदान होते आणि त्याला लागूनच उगालदान, म्हणजे पिकदाणी. थुंकायचे कुठे, याचीही सोय जुन्या रिवाजात होती. उरलेले पान कुजून जाई. विडीही पानाचीच. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातला तेंदूपत्ता सुती दोऱ्याने बांधला जाई. सोलापूर-सिन्नरच्या बायकांनी विड्या वळता वळता तंबाखूची धूळ छातीत घेतली. ओढणाऱ्यांनी फुप्फुसे गमावली. म्हणून त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण विडीचे थोटूक निदान मातीत मिसळे.

१९५०च्या दशकात सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध उघड होऊ लागला, तेव्हा कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. तो कापसासारखा दिसतो, पण असतो सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच. धूर निरुपद्रवी झाला नाही. थोटूक तेवढे वर्षानुवर्षे टिकू लागले. त्यातले निकोटीन आणि जड धातू पाण्यात उतरतात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात लिटरभर पाण्याला सुमारे एक थोटूक, एवढ्यावर निम्मे मासे चार दिवसांत मेले.

१९८०च्या दशकात गुटख्याची पुडी आली. स्वस्त, चकचकीत, दातांनी फाडून भिरकावण्याजोगी. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे भंगारवालाही ती घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०११मध्ये केंद्राने गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास मनाई केली. २०१२मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावरच बंदी आणली. तरी पावसाळ्याआधी गटार उपसताना सफाई कामगाराच्या फावड्यात पुड्या येतातच.

जहांगीरपासून आजवर आपण बंदी घालत आलो. कचरा कुणी उचलायचा, हे मात्र नीट ठरवले नाही. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात फिल्टरची थोटके गोळा करण्याचा खर्च उत्पादकांवर टाकला. हा साधा न्याय आहे. फेकणाऱ्याला दंड व्हावाच. पण ज्याने पुडी भरून नफा कमावला, त्याचे नाव तिच्यावर छापलेले असते. हिशेब तिथपर्यंत पोहोचला पाहिजे. आज तो हिशेब चुकता करतो गटारात उतरलेला माणूस, आणि बहुतेकदा त्याच्या हातात मोजेही नसतात.