'हिंदुस्थानातून, कुठूनतरी…'

पोस्ट मोठी आहे मंडळी. चहा घेऊन बसा.

परवा भोईवाडा कोर्टाबाहेर टपरीवर उभा होतो. एका तारखेची बातमी हवी होती, वकीलसाहेब काही बाहेर येईनात. तेवढ्यात आमच्या चाळीतला एक पोरगा मोबाईल पुढे करत आला. "दादा, ही वेबसाईट म्हणते मी नवी मुंबईत आहे. आणि ही जाहिरात बघा, 'परळमध्ये तुमच्यासाठी टू बीएचके'. एकाला माझा पत्ता चुकीचा माहीत, दुसऱ्याला बरोबर. मला दोघांनाही सांगायचा नाही. काय करू?"

म्हटलं, सांगतो, पण आधी १९४२ सालात जाऊन येऊ. तो म्हणाला, "दादा, तुमचं नेहमीचंच." पण थांबला बिचारा. तेव्हा जे त्याला घाईत सांगितलं ते इथे नीट लिहितो.

९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी उचलले गेले. त्या संध्याकाळी आपल्या शिवाजी पार्कवर कस्तुरबा बोलणार होत्या, त्यांनाही सभेआधीच अटक झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. म्हणजे देशभर काहीतरी पेटलंय हे सगळ्यांना कळत होतं, पण कुठे काय पेटलंय हे सांगणारं कुणी नव्हतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून वाईट दिवस नाही.

अशा वेळी उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी आणि तिच्या काही मित्रांनी ठरवलं, आपण रेडिओ चालवायचा. उषाबेन मूळच्या सुरतेजवळच्या सरस गावच्या, शिकल्या मुंबईत, विल्सन कॉलेजात. वडील ब्रिटिश सरकारचे न्यायाधीश होते. सोबत विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी. यंत्र जुळवायला नरिमन प्रिंटर नावाचा हौशी रेडिओवाला. महायुद्ध सुरू झाल्यापासून हौशी प्रक्षेपणाचे परवाने सरकारने बंद केले होते, त्यामुळे सुटे भाग मिळवणं हाच गुन्हा. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्याकडून सामग्रीची मदत झाली. लाऊडस्पीकरवाली हीच ती शिकागो रेडिओ. डॉ. राममनोहर लोहिया भूमिगत होते, त्यांना हे समजलं तेव्हा तेही येऊन मिळाले.

ऑगस्टच्या अखेरीस आवाज सुरू झाला. ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झच्या आसपासची लघुलहर. सुरुवातीला 'हिंदुस्ताँ हमारा', शेवटी 'वंदे मातरम्'. आणि घोषणेत केंद्राचा पत्ता सांगितला जायचा तो असा: हिंदुस्थानातून, कुठूनतरी.

या 'कुठूनतरी'वर मी बऱ्याचदा विचार केलाय. आकाशवाणी 'हे मुंबई केंद्र आहे' म्हणते, त्यात अधिकार आहे. यांच्या 'कुठूनतरी'मध्येही अधिकार होता, फक्त वेगळा. ऐकणाऱ्याला वाटावं की हा आवाज आपल्या शेजारच्या गल्लीतूनही येत असेल. प्रत्यक्षात तो गिरगाव, चौपाटी, महालक्ष्मी याच पट्ट्यात फिरत होता.

फिरत होता हे शब्दशः. कारण रेडिओची लहर चुगली करते. पोलिसांकडे शोधक गाड्या होत्या. त्यांचं काम कसं चालतं ते सांगतो, सोपं आहे. वेटोळ्यासारखा एरियल हळूहळू फिरवायचा. एका विशिष्ट दिशेला आवाज अगदी बारीक होतो. त्यावरून नकाशावर एक रेघ मारायची. मग गाडी दुसऱ्या भागात न्यायची, पुन्हा तेच, दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे यंत्र. अर्थात यंत्र चालू असेपर्यंतच. म्हणून यांचा उपाय होता कमी वेळ बोलायचं आणि जागा बदलायची. चौपाटीची 'सी व्ह्यू', लॅबर्नम रोडची 'अजित व्हिला', महालक्ष्मीचा 'पॅराडाइज' बंगला, गिरगावची पारेख वाडी… अशा जागा बदलत राहिले. पुढे त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. रेकॉर्डिंग एका ठिकाणी, प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी. म्हणजे एक जागा हातची गेली तरी दुसरी वाचेल.

बातम्याही साध्यासुध्या नव्हत्या. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला काय झालं ते. जे छापता येत नव्हतं ते हवेतून जात होतं. गंमत म्हणजे हे सगळं शब्दन् शब्द लिहून कोण ठेवत होतं, तर पोलीस. रोज ऐकायचे, टिपायचे. पुरावा म्हणून केलेली ती टिपणं होती म्हणून तर आज आपल्याला काँग्रेस रेडिओवर नेमकं काय बोललं गेलं ते समजतं. पाळत ठेवणारा अभिलेखागारही सांभाळतो, इतिहासाचे असे उपकार विचित्र असतात.

मग पकडले कसे गेले? इथेच खरी गोम आहे.

शोधक गाड्या मागे होत्याच. पण १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस दारात पोचले ते आतल्या माणसामुळे. यंत्र जुळवणारा प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवली. पुढे खटल्यात तो माफीचा साक्षीदार झाला. उषाबेनना बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड पडल्याचं कळलं होतं. त्या पळून जाऊ शकल्या असत्या. गेल्या प्रक्षेपणाच्या जागी. शेवटचा कार्यक्रम लावला, 'वंदे मातरम्' चालू असताना पोलीस दारं फोडून आत आले. तबकडी बंद करा म्हणाले, त्यांनी केली नाही. बाबूभाईंना ५ वर्षं, उषाबेनना ४, चंद्रकांत झवेरींना १ वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. जेमतेम अडीच महिन्यांचा रेडिओ. उषाबेन १९४६ मध्ये सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं आणि मणिभवनाचं काम पाहिलं. मणिभवन कुठे आहे? लॅबर्नम रोडवरच. जिथून एकेकाळी लपून बोलायच्या त्याच रस्त्यावर नंतर उघड्या दाराने बसल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण, २००० मध्ये गेल्या. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

आता त्या पोराच्या मोबाईलकडे येतो.

१९४२ मध्ये बोलणारा सापडायचा, ऐकणारा नाही. परळच्या एखाद्या खोलीत गिरणी कामगार बारीक आवाजात काँग्रेस रेडिओ लावून बसला असेल, तर त्याचा रेडिओ कुणालाही उलट काही सांगत नव्हता. लहर यायची, संपायची. इंटरनेटवर तसं नाही. तुम्ही नुसती बातमी वाचायची म्हटलं तरी तुमच्या फोनला आधी निरोप पाठवावा लागतो की मला अमुक पान हवं. आणि पान परत पाठवायला पत्ता लागतो. तोच आयपी अ‍ॅड्रेस. म्हणजे आज वाचणाराही प्रक्षेपण करतोय. आपण सगळेच छोटी छोटी रेडिओ केंद्रं खिशात घेऊन फिरतोय, आणि ती दिवसरात्र चालू.

हे आयपी पत्ते इंटरनेट कंपन्यांना गठ्ठ्याने दिलेले असतात. कुठला गठ्ठा कुठल्या शहरात वापरला जातो याच्या याद्या करून विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यावरून शहराचा अंदाज येतो, गल्ली येत नाही. म्हणून पोरगा नवी मुंबईत दिसला. पण त्या टू बीएचकेवाल्याला परळ कसं कळलं? तर कधीतरी 'लोकेशन वापरू देऊ का?' असं फोनने विचारलं आणि यानं घाईघाईत 'हो' दाबलं, हाच सगळ्यात जास्त संभव. मग जीपीएस आणि आजूबाजूचे वायफाय मिळून काही मीटरपर्यंत जागा सांगतात.

इथे आपल्या वाडीचं नाव कामाला येतं. भोई म्हणजे पालखी वाहणारे, आणि मासेमारी करणारेही. पालखीला पडदा असायचा. रस्त्यावरच्या माणसाला आत कोण ते दिसत नसे. पण भोयांना पक्कं ठाऊक, कुणाला कुठून उचललं आणि कुठे उतरवलं. तुमची इंटरनेट कंपनी म्हणजे तुमचा भोई. व्हीपीएन घेतलं म्हणजे काय होतं, तर वेबसाईटला तुमचा पत्ता दिसत नाही, व्हीपीएनवाल्याचा दिसतो. घरच्या भोयाला एवढंच दिसतं की पालखी व्हीपीएनच्या दारात गेली. पुढचा प्रवास नवा भोई करतो, आणि त्याला दोन्ही टोकं माहीत. फुकटचा भोई घेतलात तर तो पोट कशावर भरतो ते विचारा.

(टॉर नावाचा प्रकार आहे, त्यात तीन भोई असतात आणि कुणा एकाला पूर्ण रस्ता ठाऊक नसतो. कल्पना अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघाली. तिला म्हणतात 'ओनियन राउटिंग', कांद्यासारखे पापुद्रे म्हणून. लासलगाववाल्यांनी दखल घ्यावी.)

आणि तो 'इनकॉग्निटो', काळ्या रंगाची खिडकी! ती तुमच्या बायकोपासून हिस्टरी लपवते, वेबसाईटपासून जागा नाही. लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर व्हीपीएन लावूनही उपयोग नाही, हेही पोराला सांगितलं. घर बदलायचं आणि दारावर जुनीच पाटी लावायची, तसलं ते.

सरकारचं म्हणणं काय? व्हीपीएन वापरणं आपल्याकडे सरसकट बेकायदा नाही. पण २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने निर्देश काढले की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाची नावं, पत्ते, दिलेले आयपी, वापरण्याचं कारण, हे सगळं ५ वर्षं सांभाळायचं. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी त्यावर भारतातले आपले सर्व्हरच काढून टाकले. सरकारची बाजूही आहे. आमच्या कोर्टात सायबर फसवणुकीत पेन्शन गेलेले म्हातारे मी पाहतो. चोर व्हीपीएनमागे लपला तर पोलिसांनी करायचं काय? याचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण कोण कुठे होतं याचा पाच वर्षांचा गठ्ठा एका कपाटात असला की त्या कपाटाची किल्ली कुणाकडे हा प्रश्न उरतोच. प्रिंटरला जागा माहीत होती, म्हणून जागा गेली.

दुसरीकडे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आणि ८ जुलै २०२४ ला फ्रँक व्हायटस खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी सांगितलं की जामिनावरच्या आरोपीने गुगल मॅपवर पिन टाकून आपली जागा तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल अशी ठेवावी, ही अट घालता येणार नाही. आरोपीला जे मिळालं ते तुम्ही-आम्ही एका 'हो'ने देऊन टाकतो.

आता हे सगळं मी का लिहितोय. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीच्या कामाची बातमी केली होती. तिथल्या एका ताईंनी मला तुळयांचे फोटो पाठवले, नाव देऊ नका म्हणाल्या. नाव दिलं नाही. पण फोटो त्यांनी डॉक्युमेंट म्हणून पाठवले होते, आणि आमच्या पोर्टलवर मी ते जसेच्या तसे चढवले. साधा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की त्यातली जागेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून आला की सगळं शाबूत राहतं: कुठे काढला, कुठल्या फोनवर, किती वाजता. दुपारी तीनला त्या मजल्यावर घरी कोण असतं हे तिथल्या लोकांना विचारायचीही गरज नव्हती. चौथ्या दिवशी माणसं ताईंच्या दारात. त्या मुलाला घेऊन तीन महिने बदलापूरला बहिणीकडे राहिल्या. मला फोन करून एकच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तर नाव देणार नव्हता ना?"

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं की स्रोताचं नाव जीव गेला तरी सांगायचं नाही. फोटो नाव सांगतो हे शिकवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्या बातमीचं कौतुक झालं होतं, ते अजून कुणी काढलं की मी विषय बदलतो.

पोराचं काम टपरीवरच झालं. सेटिंग उघडून लोकेशनची परवानगी कुणाकुणाला आहे ते पाहिलं. एकतीस अ‍ॅप निघाली. त्यात एक टॉर्चचं. टॉर्चला कशाला हवं मी कुठे आहे ते? काढून टाकलं. नकाशा आणि रिक्षा-टॅक्सीची अ‍ॅप ठेवली, तीही 'वापरतानाच' वर.

एक विनंती. परळ, नायगाव, लालबाग, गिरगाव या भागात कुणाच्या आजी-आजोबांनी तेव्हा काँग्रेस रेडिओ ऐकल्याची आठवण घरात सांगितली जात असेल, तर मला कळवा, लिहायचं आहे. कमेंटमध्ये घरनंबर टाकू नका, फोन करा. जुना फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवा, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका.